बालिका दिनाला पोरींना काय म्हणायचं?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

महोदया, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती म्हणजे आपल्या राज्याचा बालिका दिन. आमच्या अमळनेर-पारोळा भागात त्या दिवशी अंगणवाडीतल्या चिमुरड्याही नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून येतात. एखादी पाठ केलेलं भाषण न चुकता म्हणते. पाहुणे तिचा गालगुच्चा घेतात, "किती गोड दिसते!" ज्योतिराव झालेला पोरगा दोन वाक्यांत अडखळला तरी त्याला "शाब्बास पठ्ठ्या!" शेण-दगड झेलत शिकवायला जाणाऱ्या बाईच्या जयंतीला साडीचं कौतुक!

घरोघरीही हेच. पोरगी दिसली की "कितली गोरी शे!", नाहीतर "रंग जरा दबला, पण नाकीडोळी नीटस." भर उन्हात कापूस वेचणाऱ्या आयांच्या लेकींचा रंग कशाला तपासता? पोरगा मात्र वाघ. तो रडला की "पोरीसारखा रडतो काय?" म्हणजे त्याचीही सुटका नाहीच.

२०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ ते ३८ महिन्यांच्या लेकरांशी आईबाप घरी काय बोलतात, ते त्यात टिपलं होतं. शाबासकी मुलगा-मुलगी दोघांनाही सारखीच मिळत होती. पण मुलग्यांच्या शाबासकीतला जवळपास चौथा हिस्सा 'छान जमवलंस' अशा, म्हणजे मेहनतीच्या कौतुकाचा. मुलींच्या बाबतीत तो जेमतेम दहावा. आणि ज्यांना असं कौतुक जास्त मिळालं, ती लेकरं पाच वर्षांनी अवघड कामाला अधिक हौसेने भिडत होती. तिथल्याच २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात, अतिशय हुशार माणूस म्हणजे आपल्यातलंच कुणी, म्हणजे बाईमाणूस, असं म्हणणाऱ्या मुली सहाव्या वर्षापासूनच कमी झाल्या. सहावं वर्ष म्हणजे आपली पहिली! ही लेकरं परदेशातली खरी, पण आमच्या ओट्यावर अर्धा तास बसा, हेच ऐकू येईल.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झालं तेव्हा मुलींचं प्रमाण कमी म्हणून निवडलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आमचं नाव होतं. हे कौतुकामुळे झालं, असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण पोर पाळण्यात असतानाच तिला लग्नाच्या बाजारभावाने जोखणारी नजर दोन्हीकडे, या कौतुकात आणि त्या आकड्यात, एकच आहे. मुलींसाठीच्या सरकारी 'लेक लाडकी' योजनेतून टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. त्यातले अठराव्या वर्षीचे ७५ हजार "लग्नाला होतील" असं म्हणणारे बाप मी ऐकलेत.

मागणं साधं आहे. अंगणवाडी सेविकांच्या 'पोषण भी, पढाई भी' या सरकारी प्रशिक्षणात अर्धा दिवस यासाठी द्या. लेकराने रचलेला मनोरा, ओतलेलं पाणी, सोडवलेलं भांडण यांवर काय बोलायचं, याचा तोंडी सराव करून घ्या. कृपा करून त्यासाठी नवा रकाना काढू नका; मोबाइलवरच्या 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये माहिती भरतानाच त्या बायांच्या नाकी नऊ येतात. बालिका दिनाच्या परिपत्रकात मात्र पाहुण्यांसाठी एक ओळ घाला: मुलींच्या दिसण्यावर बोलू नये, त्यांना प्रश्न विचारावा. पाहुण्यांत आमदार-सरपंच असतात, म्हणून ही ओळ तुमच्याच सहीने यायला हवी. सेविका त्यांना टोकू शकत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव