गोळी कोणती, वय किती, सिगारेट किती?

संपादक महोदय,

एखाद्या तरुण बाईला हार्ट अटॅक आला आणि ती गर्भनिरोधक गोळी घेत होती असं कळलं, की सगळा ठपका गोळीवर येतो. सिगारेटचा उल्लेख झालाच तर शेवटी, जाता जाता. मग सिगारेटला हातही न लावणारी विशीतली मुलगी घाबरून पाकीट अर्ध्यावर सोडते आणि चाळिशीतली, रोज वीस सिगारेटी ओढणारी बाई तीच गोळी निवांत घेत राहते. दोन्ही चूक.

‘गोळी’ हा शब्दच मोघम आहे. प्रश्न गोळीतल्या इस्ट्रोजेन या हॉर्मोनचा आहे. स्ट्रिप उलटी करून पाहावी. बारीक अक्षरांत ‘इथिनिल इस्ट्राडिओल’ (हे इस्ट्रोजेनच) आणि पुढे ०.०२, ०.०३ किंवा ०.०३५ मिग्रॅ असं छापलेलं असेल, तर ती संयुक्त गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हॉर्मोन्स असलेली. मुरुमांसाठी किंवा पाळी नियमित यावी म्हणून दिलेल्या गोळ्यांतही पुष्कळदा हेच असतं. त्यामुळे ‘गर्भनिरोधक घेता का?’ या प्रश्नाला अनेकजणी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. संयुक्त पॅच आणि योनीत ठेवायची रिंग यांतूनही इस्ट्रोजेनच जातं.

इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं, गुठळीला आवर घालणारं प्रोटीन एस घटतं, काहींचा रक्तदाब चढतो. सिगारेट वेगळ्या बाजूने घाव घालते: रक्तवाहिनीचं अस्तर दुखावतं, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होतात, वाहिनी आकसते. म्हणूनच धमनीत चरबीचा थर फारसा नसतानाही गुठळीने ती बंद होऊ शकते.

आकडाही पाहू. डेन्मार्कमधल्या सुमारे १६ लाख स्त्रियांची १५ वर्षांची माहिती २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. १५ ते ४९ वयात हार्ट अटॅकचं प्रमाण वर्षाला लाखात दहाच्या आसपास होतं. ०.०३ ते ०.०४ मिग्रॅच्या गोळ्यांनी ते गोळीच्या प्रकारानुसार १.३ ते २.३ पट झालं. मुळात दहा, त्याची ही पट. वय, रक्तदाब आणि सिगारेट हा मूळ आकडाच वाढवतात, तिथे खरी गोम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट आहेत. पस्तिशीच्या आत सिगारेट ओढणारीला संयुक्त गोळी सहसा चालते. पस्तिशीनंतर रोज १५हून कमी असतील तरी ती सहसा देऊ नये. १५ किंवा जास्त असतील तर अजिबात नाही. रक्तदाब १६०/१०० किंवा वर असेल, किंवा डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेषा चमकून अर्धशिशी उठत असेल, तर वय कितीही असो, नाहीच.

त्यामुळे रक्तदाब न मोजता ही गोळी सुरू करू नये. मोजण्याआधी अर्धा तास सिगारेट नको, पाच मिनिटं शांत बसावं, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. आणि ‘कधीतरी, पार्टीत’ हे उत्तर कुणाच्याच कामाचं नाही. आठवड्याला किती, तो आकडा सांगावा.

गोळी बदलायची वेळ आली तर मध्ये खंड पडू देऊ नये. इस्ट्रोजेन नसलेली डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी संयुक्त पाकिटातली शेवटची हॉर्मोनची गोळी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करता येते. तिच्यात गोळी न घेण्याचा सुट्टीचा आठवडा नसतो. बारा तासांहून उशीर झाला तर ती गोळी चुकली असं धरायचं. सुरुवातीचे काही महिने मधूनच रक्त दिसतं, आणि बहुतेकजणी तिला कंटाळतात त्या इथेच. आधी सांगून ठेवलं तर टिकतात. तांबी हाही सिगारेट ओढणारीला चालणारा पर्याय.

छातीवर दाब, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, धाप असं काही झालं, तर वय कमी म्हणून ॲसिडिटीवर ढकलू नये. ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवावी आणि स्ट्रिप सोबत न्यावी. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो नॉर्मल दिसला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रोटीन) तपासायला सांगावं.

आपले,
स्त्रीरोग आणि हृदयरोग विभागांतील काही डॉक्टर