शोकेसमधला कचरा

प्रिय सच्या,

का बे, परवा व्हॉट्सॅपवर ठिकठिकाणच्या आठवणीच्या वस्तूंनी भरलेल्या शोकेसचा फोटो टाकला तर लगेच "एवढा कचरा कशाला साठवतोस, मोबाईलमध्ये फोटो आहेत की" म्हणालास. तिथंच उत्तर टाईप करायला लागलो, पण ते दोन ओळीत मावेना, म्हणून आता निवांत लिहायला बसलोय.

आधी तुझं थोडं मान्य करतो. आग्र्याचा ताजमहाल आहे ना, खरा मकराण्याच्या संगमरवराचा आणि आमचा सोपस्टोनचा, त्याचा एक मिनार कधीच गेलाय अन् आतला बल्बही. त्याच्याकडे बघून मला काहीएक आठवत नाही. कोणार्कचं चाक घेतलं तेव्हा केवढं भारी वाटलेलं, आणि २०१८ मध्ये नव्या दहाच्या नोटेवर तेच आलं, आता पाहुणे "अरे हे नोटेवरचं" म्हणतात अन् विषय संपतो. निम्म्या वस्तू नुसत्या धूळ खातात, खरंय.

पण बिदरची डबी घे. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून चोळली की जस्त काळंकुट्ट होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागिरानं समोर करून दाखवलं म्हणून घेतली, आणि घरी कुणी आलं की हेच ऐकवायचो, बायकोला पाठ झालंय. मग अण्णांना कानाचं मशीन लागलं. त्याचे ते टिकलीएवढे सेल घरभर सांडायचे, तर एक दिवस अण्णांनी न विचारता माझी डबी उचलली अन् सेल त्यात ठेवले. झालं, डबी त्यांच्या उशाशी गेली ती गेलीच. आता अण्णा नाहीत, डबी परत शोकेसमध्ये आलीय, पण ती बिदरची राहिली नाही बे. झाकण टक्कन उघडतं ना, त्याच्या मागोमाग अण्णांचं "हां, आता बोल" ऐकू येतं, सकाळी मशीन कानात घालून म्हणायचे तसं. पाहुण्यांना अजून मातीचीच गोष्ट सांगतो. ही नाही सांगत.

आणि एक शंख आहे, त्यावर "रंजना, कन्याकुमारी, १९८४" असं रंगवलंय. ही रंजना कोण ते मला काय माहीत, भंगारवाल्याकडे मिळाला! पण पोरींनी तिचं लग्न लावलं, नवऱ्याशी भांडण लावलं, कधीकधी तिच्या नावानं चहा पण टाकतात. म्हणजे मूळ आठवण जिची होती तिनं टाकून दिली आणि आमच्याकडे ती घरातली झाली.

अशा वस्तू जमवणारे पक्के कलेक्टर म्हणतात, जिथं आपण पाय ठेवला नाही तिथलं काही ठेवायचं नाही. मी पण असंच म्हणायचो, तू व्हिएन्नाहून तो बर्फाचा काचेचा गोळा पाठवेपर्यंत. (त्याची जन्मकथा वाचली, भारीय. १९०० च्या सुमाराला एर्विन पेर्झी नावाचा माणूस डॉक्टरांना ऑपरेशनसाठी जास्त उजेड मिळावा म्हणून पाणी भरलेल्या गोळ्यावर प्रयोग करत होता, आणि निघालं हे.) इकडं मे महिन्यात पारा बेचाळीसवर, लाईट गेलेली, आणि धाकटी तो गोळा हलवून "सचिनकाकाकडं बर्फ पडायलाय" म्हणते. व्हिएन्ना कुठं आहे तिला माहीत नाही, तिच्यासाठी ते तुझंच गाव.

आता तुझं ऐक. मागच्या व्हिडिओ कॉलला सोफ्यावर आपली सोलापुरी चादर दिसली, ती लाल-काळी. इथं होतास तेव्हा चादरीला कधी किंमत दिलीस का, गच्चीवर अंथरायची, सकाळी तशीच चुरगाळून टाकायची, कारण शेजारच्या गल्लीत माग चालूच असायचे, एक गेली तर दुसरी. आणि तिकडं म्हणे तिच्यावर कुणाला बसू देत नाहीस, वहिनींनीच सांगितलं! मग कचरा कुणाकडं नाही रे?

असो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला यायचं पक्कं कर, सुट्टीचं रडगाणं नको. येताना मॅग्नेट आणू नको, फ्रीजवर जागा नाही, तिथल्या ट्रामचं वापरलेलं तिकीट चालेल. जाताना कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधून देतो, ती मात्र शोकेसमध्ये ठेवू नको, खा.

तुझाच,
बाळ्या