पन्हं गुळाचंच!

पुणे,
24 एप्रिल

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे लेखी उत्तर. सदाशिव पेठेतल्या आपल्या वाड्यात चैत्रगौरीचं पन्हं साखरेचं असायचं, हा तुझा दावा मला साफ नामंजूर आहे. साखरेचं असायचं ते फक्त माडीवरच्या बिऱ्हाडात, वर केशराच्या दोन काड्या. बाकी सगळीकडे गुळाचं, वेलदोडा हात राखून. माडीवर आपण दोनदोनदा जाऊन बसायचो, म्हणून तुझ्या डोक्यात तेवढंच राहिलंय.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. आरास आठवते? डबे उपडे घालून केलेल्या पायऱ्या, त्यावर ठेवणीतली साडी, कलिंगडाचं कमळ आणि शेजारी माझी किल्लीची मोटार. देवीला मोटार कशाला, हे आजोबा दरवर्षी विचारायचे. गुलाबदाणी मात्र आपल्याकडे. तू ती बायकांवर कमी आणि माझ्या मानेवर जास्त शिंपडायचास! ओटीतले भिजवलेले हरभरे घरोघरी जमायचे, की दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्यात उसळ. आंब्याची डाळ मात्र कधी उरल्याचं आठवत नाही.

1 मेला निकाल लागला की एकदा पेशवे पार्कात फुलराणीत बसायचं. ती गाडी 1956 सालची, म्हणजे आपल्याहून मोठी. बाकी दुपारभर जिन्याखाली झब्बू नाहीतर मेंढीकोट.

पण मला सगळ्यात आठवतात ते कुरडयांचे दिवस. गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. शिजवताना एकीने पातेलं धरायचं, दुसरीने गुठळी होऊ न देता घोटायचं. चीक पारदर्शक झाला की आधी आपल्या वाट्या पुढे. दूध-साखर घालून तो गरमागरम चीक! पुढे चौकातल्या खाटेवर धोतर अंथरून सोऱ्याने कुरडया पडायच्या आणि काठी घेऊन कावळे हाकायला आपण. कावळ्यांनी काय नेलं असेल ते असो, अर्धवट वाळलेल्या कुरडया तूच जास्त संपवल्यास.

हल्ली कुणी 'सुट्टीत काय धमाल असायची' म्हणालं की मी जरा गप्पच बसतो. सुट्टी आपली होती. वाड्यातल्या बायकांचा तर वर्षातला सगळ्यात राबायचा महिना तो. कुरडया, पापड, मसाले, लोणची, आणि त्यात माहेरी आलेल्या नणंदा पोरांसकट. स्टोपुढे घोटून घोटून आईचा हात खांद्यापासून भरून यायचा. रात्री मला ती तेल चोळायला लावायची आणि मी पत्त्यांचा डाव अडलाय म्हणून कुरकुरायचो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोघंही या. हापूसची पेटी सांगून ठेवली आहे. हिने कुरडया यंदा विकतच्या आणल्यात, त्यावर जेवताना एक अक्षर काढू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या