साथीचा नकाशा हाच कामांचा क्रम व्हावा : पुणे महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

विषय : कोरोनाच्या साथीनंतर शहरातील कामांचा प्राधान्यक्रम ठरवण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले. त्यानंतरच्या दोन वर्षांत या शहराने काय सोसले, हे आपल्या कार्यालयाला आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही आणि त्या काळाची उजळणी करावी हा या पत्राचा हेतूही नाही. साथ ओसरली, पेठांच्या तोंडाशी ठोकलेले पत्रे निघाले, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावरचे जम्बो रुग्णालय हलले आणि शहर पुन्हा आपल्या जुन्याच वाटेला लागले. उड्डाणपूल, रस्तारुंदी, नदीकाठचे सुशोभीकरण हे विषय चर्चेत परतले. मात्र ज्या गल्ल्यांत साथ सर्वांत दाट पसरली त्या गल्ल्यांत नेमके काय बदलायचे, हा प्रश्न मागेच राहिला. आम्ही काही पुणेकर, कोणी वस्तीत राहणारे तर कोणी सोसायटीत, या प्रश्नावर एकत्र बसून बोलत आलो आहोत. आमचे म्हणणे असे की, साथीने शहराचा एक नकाशा आपल्या हाती दिला आहे आणि शहर सुधारण्याची कामे त्या नकाशाच्या क्रमाने हाती घ्यावीत.

हा नकाशा आम्ही कल्पनेने काढलेला नाही. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये महानगरपालिकेच्या सहकार्याने आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या संस्थांनी शहरातील पाच प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. १,६६४ नमुन्यांपैकी सरासरी ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे त्यात दिसले. पण या सरासरीपेक्षा तिच्या पोटातले आकडे अधिक बोलके होते. लोहियानगर-कासेवाडी प्रभागात हे प्रमाण ६५.४ टक्के होते. झोपड्यांत राहणाऱ्यांमध्ये ते सुमारे ६२ टक्के, तर सदनिकांत राहणाऱ्यांमध्ये सुमारे ३३ टक्के आढळले. आणि ज्यांच्या घरात स्वतंत्र शौचालय होते त्यांच्यात ४५.३ टक्के, तर सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के. फरक केवळ शौचालयामुळेच पडला असे कोणी म्हणणार नाही. जिथे शौचालय सामायिक असते तिथे घरे लहान असतात, भिंतीला भिंत लागून असतात, आणि घरून काम करण्याची सोय तर तिथल्या बहुतेकांना नव्हतीच. तरीही एखाद्या अभियंत्याला 'काम कुठून सुरू करू' असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून पहिली सूचना शौचालयांचीच. ती वाचायला फारशी आकर्षक नाही, तिच्या भूमिपूजनाला गर्दीही होणार नाही. पण आमच्या बैठकांत, विशेषतः बायकांनी, सर्वांत जास्त वेळ याच विषयावर घालवला. सार्वजनिक शौचालयाची सकाळ ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. पाच वाजल्यापासून बादली आणि डबा घेऊन रांग लागते, कारण नळाला पाणी येईलच याची खात्री नसते. दहा दारांपैकी दोनांना कुलूप असते, कारण मागची लाइन तुंबलेली असते. एका दाराची कडी निखळलेली असते आणि आत गेलेल्या मुलीसाठी बाहेर कोणीतरी दार धरून उभे राहते. दिवा गेला असेल तर तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकायचे नाही म्हणून बायका दुपारपासून पाणी कमी पितात. टाळेबंदीत 'घरीच राहा, सुरक्षित राहा' असे फलक शहरभर लागले होते तेव्हा या रांगेतल्या प्रत्येकाला दिवसातून निदान एकदा तरी घर सोडावेच लागत होते, आणि रांगेत सहा फुटांचे अंतर राखायचे तर रांग मुख्य रस्त्यावर गेली असती.

स्वच्छ भारत अभियानात शहरातील अनेक वस्त्यांमध्ये घरोघरी शौचालये बांधली गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. जिथे ड्रेनेजची वाहिनी पोहोचली तिथे फरक दिसतो. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत शौचालयाला कोपरा काढणे सर्वांना जमत नाही, आणि अरुंद गल्लीत वाहिनी टाकल्याशिवाय घरातले भांडे शोभेचेच राहते. तेव्हा आमची विनंती अशी की, जिथे शक्य आहे तिथे आधी वाहिनी टाकावी आणि मग घरगुती शौचालयाला अनुदान द्यावे; जिथे ते शक्य नाही तिथे चार-पाच कुटुंबांमागे एक, कुलूपकिल्ली त्यांच्याच हाती असलेले, अशी छोटी शौचालये बांधावीत. मोठ्या शौचालयांत रात्रभर दिवा, दिवसभर पाणी आणि हात धुण्याची जागा या तीन गोष्टींची जबाबदारी क्षेत्रीय कार्यालयातील एका ठरावीक अधिकाऱ्यावर असावी. आणि हिशेब किती सीट बांधल्या याचा न ठेवता आज सकाळी किती सीट वापरण्याजोग्या होत्या याचा ठेवावा. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, ही रड सर्वच खात्यांची असली तरी शौचालयाच्या बाबतीत तिची किंमत रोगाने मोजावी लागते.

साथीनंतर शहर सुधारण्याची ही काही पहिली वेळ नाही, म्हणून येथे थोडे मागे जाणे आवश्यक वाटते. २०२० मध्ये प्रशासनाने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या वेळचा. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घराघरांत घुसून झडत्या घेणाऱ्या तत्कालीन प्रशासनाबद्दल पुणेकरांना काय वाटले, तो इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मुंबईत या साथीनंतर १८९८ मध्ये नगर सुधार न्यास स्थापन झाला. त्याने नवे हवेशीर रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या केल्या, आणि आजही नगररचनेचा चांगला नमुना म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाते. पण दाट वस्तीतली जी घरे पाडली गेली त्यांतल्या गरीब भाडेकरूंना या नव्या वसाहतींत घर परवडणारे नव्हते. त्यातले कितीतरी शेजारच्या तितक्याच कोंदट चाळींत जाऊन राहिले. हवा आणि उजेड वाढला तो ज्यांना आधीच थोडाफार मिळत होता त्यांच्या वाट्याला. आज 'हरित पुणे' म्हणताना आम्हाला नेमकी हीच भीती वाटते.

ही भीती निराधार नाही. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री फुगला, अनेकांचे प्राण गेले आणि काठावरच्या घरांचे व सोसायट्यांचे अतोनात नुकसान झाले. ओढ्याला वाट मोकळी हवी, याबद्दल आमच्यात दुमत नाही. परंतु २४ जून २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच आणि ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठची घरे पाडण्याची कारवाई सुरू झाली, तेव्हा ओढ्याची वाट आणि माणसांचे छप्पर एकमेकांविरुद्ध उभे केले गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला बुजवलेले प्रवाह, अरुंद केलेले कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) आणि सिमेंटच्या सीमाभिंती यांचा हिशेब मात्र इतक्या तातडीने कोणी मागितला नाही. आमची सूचना अशी की, ओढ्यांची कामे वरून खाली यावीत. आधी डोंगरउतारावर पाणी जिरवावे, मग बुजवलेले प्रवाह मोकळे करावेत. आणि काठावरचे कोणाला हलवणे खरोखरच अपरिहार्य असेल तर त्याला त्याच परिसरात, त्याच्या कामाच्या आणि मुलांच्या शाळेच्या अंतरात घर आधी द्यावे व पाडकाम नंतर करावे.

टेकड्यांचा मुद्दाही यालाच जोडलेला आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर डोंगरजमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याला एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोठ्या संख्येने विरोध नोंदवला, तो केवळ सकाळच्या फिरण्याची जागा जाईल म्हणून नव्हे. या टेकड्या पाणी मुरवतात म्हणून पायथ्याच्या विहिरी आणि बोअर जिवंत आहेत. टेकड्या वाचवाव्यात, त्यांच्यावर बाकडी, कारंजी आणि फरशी यांचा मारा करू नये, एवढीच आमची मागणी आहे. (टेकडीला 'विकसित' करण्याची घाई आम्हाला कधीच नीट समजलेली नाही.)

परंतु लोहियानगरच्या मुलाला वेताळ टेकडी किती उपयोगाची? त्याच्या पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या दुपारी बसून पाहावे. त्याला हवी ती चालत पाच मिनिटांवरची सावली. अशी जागा वस्तीजवळ नाही असे नेहमी सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. तथापि महानगरपालिकेच्याच ताब्यातली जागा कुलपामागे पडून असते तिचे काय? शहरातील बहुतेक उद्याने सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडतात, म्हणजे नेमक्या उन्हाच्या वेळी बंद. ती दिवसभर खुली ठेवावीत. महानगरपालिकेच्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या मुलांना मिळावीत, त्यासाठी एक रखवालदार आणि एक नळ एवढाच खर्च आहे. वृक्षारोपणाची मोहीम दरवर्षी होते. या वेळी पहिली झाडे शाळांच्या कुंपणालगत, दवाखान्यांसमोर आणि बसथांब्यांवर लावावीत, आणि ती कडुनिंब, करंज, वड अशी सावली देणारी असावीत.

बससेवेविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर पुण्यात पुरेसे लिहून झाले आहे. २०२० मध्ये मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पीएमपीची नेहमीची सेवा बंद होती. त्या काळात ज्यांना जमले त्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली, ज्यांना जमले नाही ते चालले. धुणीभांडी करणाऱ्या, रुग्णालयांत सफाई करणाऱ्या बायका तर आजही पर्वतीच्या पायथ्यापासून सहकारनगर किंवा सिंहगड रस्त्यापर्यंत चालतच जातात, कारण आडव्या मार्गांवर बस नाही किंवा तासाला एक आहे. दहा रुपयांत दिवसभर प्रवास देणारी 'पुण्यदशम' सेवा २०२१ मध्ये मध्यवर्ती पेठांत सुरू झाली होती. तीच कल्पना वस्ती, बाजार आणि रुग्णालय यांना जोडणाऱ्या लहान बसमार्गांवर राबवावी. पादचारी धोरण महानगरपालिकेने २०१६ मध्येच स्वीकारले आहे, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिनही साजरा केला. जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद पदपथ आता वस्तीच्या तोंडाशीही दिसू द्या.

कचरावेचकांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचे सभासद टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यापासून दारोदार फिरत होते, मास्क आणि औषधांच्या वेष्टनांसह आपण टाकलेला सगळा कचरा हाताने वेगळा करत होते. त्यांच्याशी केलेला करार कधीही मुदतवाढीच्या आधारावर लटकता न राहता दीर्घ मुदतीचा असावा आणि प्रत्येक प्रभागात कचरा वेगळा करण्यासाठी पाणी व छप्पर असलेली शेड द्यावी. हातगाडीवाल्या भाजीविक्रेत्यांबाबतही असेच. त्या दिवसांत शहर त्यांच्या गाड्यांवर जेवले. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा कायदा आहेच, त्यानुसार जागा आखून द्याव्यात म्हणजे अतिक्रमणविरोधी गाडी दिसली की पळापळ होणार नाही.

नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे, आणि या बाबतीत आपले शहर देशात पुढे होते याचा आम्हाला अभिमान वाटतो. मात्र अर्ज भरणारे कोण, याकडे पाहिले पाहिजे. ज्याला अर्ज कुठे मिळतो ते ठाऊक आहे, ज्याला दुपारी क्षेत्रीय कार्यालयात जायला सवड आहे, त्याचीच सूचना पोहोचते. मग बाकडी, दिशादर्शक फलक आणि रंगवलेल्या भिंती यांची संख्या वाढत जाते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तर नगरसेवकही उरले नाहीत, आणि वस्तीतल्या माणसाला तक्रार घेऊन जायला तेवढे एक दार होते तेही बरीच वर्षे बंद राहिले. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती कागदावरून उतरवून, किमान २०२० च्या पाहणीत सर्वाधिक संसर्ग आढळलेल्या भागांत, प्रत्यक्ष भरवावी. सूचना कोणत्या आल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, याची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आपण विचाराल, आणि तो रास्त आहे. आम्ही नवा कर सुचवत नाही. एका उड्डाणपुलाचा खर्च आणि एका प्रभागातील सर्व सार्वजनिक शौचालयांच्या देखभालीचा दहा वर्षांचा खर्च शेजारी-शेजारी मांडून दाखवावा आणि मग कोणते काम आधी याचा निर्णय उघडपणे घ्यावा. निर्णय पुलाच्या बाजूने झाला तरी त्याची कारणे लोकांसमोर येतील.

येत्या अंदाजपत्रकाच्या सूचना मागवण्यापूर्वी लोहियानगर-कासेवाडी परिसरात आपण स्वतः एक बैठक घ्यावी, अशी आमची विनंती आहे. ती संध्याकाळी सातनंतर असावी, कारण त्याआधी तिथली बहुतेक माणसे कामावर असतात, आणि आरोग्य, ड्रेनेज, उद्यान व पथ या चारही खात्यांचे अधिकारी एकाच वेळी उपस्थित असावेत, म्हणजे एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा प्रश्न येणार नाही. शौचालयांच्या स्थितीची गल्लीनिहाय यादी करण्याचे काम आम्ही रहिवासी करू. बैठकीपूर्वी ती क्षेत्रीय कार्यालयात लेखी देऊ. तारीख कळवावी.

आपले,
पुण्यातील काही रहिवासी