रामबागेतल्या फोटो स्टुडिओतल्या दोघांचे आभार

ऑक्टोबर १९८७ मध्ये, भारतीय शांतिसेनेच्या श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवन या मोहिमेत, माझा धाकटा काका जाफन्यात लढताना गेला. शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान श्रीलंकेत कामी आले, त्यांतला एक. इंदूरला अस्थी आल्या, देह नाही. गणवेशातला फोटो एकच, निगेटिव्ह आमच्याकडे कधीच नव्हती.

यंदाच्या पावसात भिंतीला ओल आली आणि तो फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. आत्या सुरीनं कडा सोडवायला निघाली होती; शेजाऱ्यांनी तिला तशीच रामबागेतल्या एका स्टुडिओत धाडली. काउंटरवरचा मुलगा आधी एवढंच म्हणाला, "आंटीजी, कांच को छेड़ना मत." ओला फोटो ओढून काढला तर त्याचा थर सुटतो आणि चेहराच काचेवर राहतो. त्यानं काचेसकट स्कॅन केलं.

डाग पुसायला बसलेले वयस्क कारागीर मात्र टोपीवरच्या बिल्ल्याशी अडले. तिथलं काहीच उरलं नव्हतं. अंदाजानं काही रेखाटलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं, खरं सांगते. त्यांनी संध्याकाळी फोन करून काकाची पलटण विचारली, घरातला जुना बिल्ला मागवला आणि तो समोर ठेवून काम पूर्ण केलं. आत्याच्या पर्समध्ये मावेल अशी एक छोटी प्रतही न सांगता काढून दिली. पैसे फक्त कागदाचे. (आत्या भांडली, पण जिंकली नाही.)

दादा, काका, मनापासून आभार. दिवाळीच्या फराळाला दोघांनी यायचंच, असं आत्यानं बजावलंय.