डांग्या खोकल्याची लस आणि ‘थोडं थांबू’

महोदय,

‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग टोचू’ हा हिशेब डांग्या खोकल्यात उलटा पडतो. सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांतच असतो. तान्ह्या बाळाला उबळ न येता थेट श्वासच थांबू शकतो. त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची एकत्रित लस) पहिला डोस ६ आठवड्यांपासून देता येतो, पुढचे दोन किमान ४ आठवड्यांच्या अंतराने. एखादा चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेले तेवढे पूर्ण करावेत. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नव्हे. आधीच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे. ‘न दुखणारी’ अपेशी लस (जिवाणूच्या अख्ख्या पेशीऐवजी त्याचे काही अंशच वापरलेली) ताप कमी आणते खरी, पण तिचे संरक्षण लवकर ओसरते, हे सहसा कोणी सांगत नाही. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईने लस घेतल्यास रोगाशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात.

– एक बालरोगतज्ज्ञ