ती. मामांस, कॅरिबूच्या जंगलातून

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि कुणालाही वाचता येईल असं उघडं लिहितेय. माझी क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची जंगलात चालणारी गाडी, मी स्वतः दुरुस्त करते असं कळलं की इथले मराठी लोक विचारतात, कोर्स केला का? कोर्स नाही केला. एसटीच्या सातारा डेपोतून निवृत्त झालेले माझे मामा चार वर्षं रविवारी सकाळी फोनसमोर बसले, एवढंच.

तुमची सकाळची सात म्हणजे हिवाळ्यात आमची आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेपाच. बाहेर मिट्ट काळोख, शेडमध्ये एक दिवा, आणि फोन पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तुमच्या बाजूला चहाचा कप आणि मागे मामीचा कुकर. त्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत मी टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, सेट करायला शिकले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कॅरिबू भागात राहतो. क्वेनेल हे जवळचं शहर, तिथे जायला पाऊण तास लागतो. वीज सौर पॅनेलची, पाणी विहिरीचं, ऊब लाकडाची. हिवाळ्याला पाच कॉर्ड लाकूड लागतं. एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रास, १२८ घनफूट. पाइन बीटल नावाच्या भुंग्याने इथल्या जंगलातली असंख्य झाडं उभ्या उभ्या वाळवली. ते लाकूड सुकं, जळायला चांगलं, आणि घरापुरतं तोडायचा परवाना सरकार फुकट देतं. पण ते झाडाच्या बुंध्यापासून घरापर्यंत आणणार कोण? आजोबांच्या घरी बैलजोडीचं जे स्थान होतं, ते आमच्याकडे या चार चाकांच्या गाडीचं आहे. लाकूड ओढते ती, बर्फ लोटते ती, कुंपणाचे खांब वाहते ती. ती बंद पडली की घर बंद पडतं.

आमची क्वाड होंडाची, नव्वदच्या दशकातली. २८२ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, पाच गिअर, एक रिव्हर्स, चारही चाकांना ताकद, आणि चेनऐवजी शाफ्ट. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली तेव्हा दोन वर्षं गोठ्यात उभी होती, टाकीत तेच जुनं पेट्रोल. चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ, ओढला की चालायची, सोडला की मरायची. गॅरेजवाल्याने तासाचा दर सांगितला तो ऐकून मी तुम्हाला फोन लावला.

तुम्ही आयुष्यात क्वाड पाहिली नव्हती. "चाकं चार आणि हँडल मोटरसायकलचं? बरं. फोन इंजिनाजवळ धर आणि बोलू नकोस." दोन मिनिटं तुम्ही नुसतं ऐकलंत. मग विचारलंत, "चोकवर चालते म्हणजे तिला काय कमी पडतंय?" उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून "पेट्रोल" येईपर्यंत थांबलात. तुमच्या त्या थांबण्याने मला खरं शिकवलं, मामा, हे तुम्हाला आज सांगायचंय.

कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, स्वयंपाकाच्या टेबलावर, पितळी ताटात उघडला. ताट तुम्हीच सांगितलंत, कारण कडा असली की छर्रा घरंगळून जात नाही. खालच्या वाटीचे स्क्रू फिरेनात. मी जोर लावायला गेले तशी तुम्ही ओरडलात, "थांब! स्क्रूचं डोकं खाल्लंस तर ड्रिल लावावं लागेल." मग शोधलं तेव्हा कळलं की जपानी गाड्यांच्या स्क्रूची खाच दिसायला नेहमीच्या फुलीसारखीच असते, पण माप वेगळं, जेआयएस नावाचं. साधा स्टार पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरून कडा खातो. पुष्कळदा स्क्रूच्या डोक्यावर एक ठिपका असतो, तो पाहिला की ओळखायचं. योग्य पेचकस आठवड्याने पोस्टाने आला. तोवर वाटी बंदच ठेवली, कारण तुम्ही बजावलं होतंत की हत्यार बसत नसेल तर हात लावायचा नाही.

स्लो जेट म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी, करंगळीच्या नखाएवढी पितळी नळी. दिव्यासमोर धरली की सुईच्या टोकाएवढा उजेड दिसायला हवा. आमच्या जेटमधून काहीच दिसत नव्हतं. शिळ्या पेट्रोलचा मधासारखा चिकट थर आत वाळून बसला होता. मी सेफ्टी पिन घेतली, ती तुम्ही खाली ठेवायला लावलीत. पोलादाने पितळ ओरबाडलं जातं, भोक मोठं झालं की जेट कायमचं बिघडलं. तुम्ही वायरमधली तांब्याची एक तार काढायला सांगितलीत. तार, क्लीनरचा फवारा, पुन्हा तार. तिसऱ्यांदा दिव्यासमोर धरलं आणि मध्यभागी एक पांढरा ठिपका चमकला. मी फोन त्या जेटसमोर नेला. तुम्हाला तिकडे काही दिसलं नसणार, पण तुम्ही म्हणालात, "दिसलं. आता जोड."

हवेचा प्रसंग मामी अजून सांगते म्हणे. या फुगीर टायरांत जेमतेम तीन पौंड हवा भरतात, म्हणजे चिखलात आणि दगडावर रबर पसरून पकड घेतं. बसच्या टायरात शंभर पौंड भरणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं तर तुम्ही दोनदा विचारलंत, "तीस?" नेहमीच्या गेजवर तीन पौंड नीट वाचताच येत नाहीत, वेगळं गेज घ्यावं लागतं. दोन्ही बाजूंत अर्ध्या पौंडाचा फरक पडला तरी हँडल ओढतं. त्या दिवशी तुम्ही वहीत लिहून घेतलंत. पस्तीस वर्षं काम केलेला मेकॅनिक माझ्याकडून ऐकून लिहून घेतो, हे मी कधी विसरणार नाही.

तसंच क्लचचं. लाकडाचा ट्रेलर घेऊन चढावर रेस वाढायची, गाडी मात्र पुढे सरायची नाही. तुम्ही विचारलंत, "क्लच तेलात बुडालेला आहे का? मला बसचा कोरडा क्लच माहीत. थांब, विचारून सांगतो." आणि खरंच पोवई नाक्याजवळच्या एका टू-व्हीलर मेकॅनिककडे चालत गेलात. तुमच्या निम्म्या वयाचा मुलगा तो. त्याने सांगितलं, कारचं तेल टाकलं असेल. मी तेच केलं होतं. कारच्या हलक्या तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, इंजिनाला ती बरी, पण त्याच तेलात क्लच प्लेटा बुडालेल्या असल्या की त्या एकमेकींना धरत नाहीत. डब्यावर जेएएसओ एमए, म्हणजे तेलातल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं मोटरसायकलचं तेल घातलं, नंतर क्लचचा स्क्रू अडेल तिथवर फिरवून पाव फेरा मागे घेतला आणि नट आवळला. पुढच्या चढावर गाडी अशी गेली की मी एकटीच जंगलात ओरडले.

पॅकिंग, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून तेल गळू न देणारा कागद, कापायला शिकवलंत त्याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. इंजिनाच्या कव्हरचं पॅकिंग फाटलं, नवं यायला दोन आठवडे, आणि दारात बर्फ. तुम्ही शिवणाच्या कात्रीने कापू दिलं नाहीत. पॅकिंगचा कागद थेट कव्हरवर ठेवायचा, एका हाताने दाबून धरायचा आणि बॉलपीन हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलकं टकटक करत जायचं. कव्हरची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर एक ठोका, की गोल चकती निघून खाली पडते. आधी दोन भोकं पाडून त्यांत बोल्ट घालायचे, म्हणजे कागद सरकत नाही. ते पॅकिंग अजून गाडीत आहे. नवं आलेलं पाकिटात तसंच पडलंय.

विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणारं बॅटरीवरचं यंत्र, लावायची हौस माझी. अडीच हजार पौंड ओढणारी. तुम्ही विंचचं काही बोलला नाहीत, वायरिंगचंच बोललात. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वायर जाड, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची रिंग, कारण घासून उघडी पडलेली वायर आग लावते. पत्र्याची ती कड मी कानसीने गोल केली, तरी तुम्ही रिंग घालायलाच लावलीत. विंच बॅटरीतून इतका करंट खेचते की इंजिन बंद ठेवून ओढू नये, आणि ड्रमवर दोराचे जितके थर जास्त तितकी ताकद कमी, हे मी नंतर स्वतः शिकले. एक कप्पी लावून दोर परत गाडीलाच बांधला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "विहिरीवरच्या मोटेचा नाडा आठवला." पुढे पाच मिनिटं आजोबांच्या विहिरीबद्दलच बोलत राहिलात.

आणि हेल्मेट. पूर्वी या गाड्या तीन चाकांच्या असायच्या, वळणावर उलटायच्या, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी झालेल्या समझोत्यात त्या विकणं थांबवलं, असं मी सांगितलं. तुम्ही तिकडून "रिक्षासारखं" एवढंच म्हणालात. पण त्या दिवसापासून प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला आहे: हेल्मेट घालतेस ना, आणि पोराला मागे बसवत नाहीस ना? घालते, मामा. बसवत नाही.

आता ज्या दिवसासाठी हे पत्र, तो सांगते. गेल्या फेब्रुवारीत, उणे अठ्ठावीस. घरापासून चार किलोमीटरवर, ट्रेलर भरलेला, उजेड तासाभराचा. गाडी दहा मिनिटं चालली आणि श्वास कोंडल्यासारखी मेली. थोडं थांबून स्टार्ट केली, चालली, पुन्हा मेली. फोनला रेंज नाही. हातमोजे काढले तर बोटं मिनिटभरात बधिर. मला रडू येत होतं. मग तुमचा प्रश्न आठवला: थांबून परत चालते, म्हणजे काय भरून येतंय?

आणि तुमची खंबाटकीची गोष्ट आठवली. पावसाळ्यात एसटी घाटात दर थोड्या अंतराने बंद पडत होती, सगळे पंपावर शंका घेत होते. तुम्ही डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलंत तर फुस्स आवाज आला. हवेचं भोक चिखलाने बुजलं होतं. आत हवा जात नव्हती म्हणून डिझेल बाहेर येत नव्हतं. ती गोष्ट तुम्ही मला सहज, भज्या खाताना सांगितली होतीत.

माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून एक बारीक नळी हँडलमध्ये जाते. ती बर्फाने गच्च भरली होती. झाकण फिरवलं आणि मामा, तोच आवाज. फुस्स. त्या शांत जंगलात एवढा मोठा वाटला. नळी उपटून खिशात घातली, झाकण सैल ठेवलं, आणि एकदाही न थांबता घरी पोचले. लाकडासकट. नवरा कंदील घेऊन रस्त्यावर उभा होता.

त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मामी म्हणाली, ते उठून बाहेर गेले.

लहानपणी तुमच्या अंगणात दादा आणि बाळू गाडीखाली असायचे आणि मी पाने उचलून द्यायचे. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. आई म्हणायची, कपडे काळे होतील. तुम्ही म्हणायचात, धुता येतात. त्या एका वाक्यासाठीही आभार, उशिरा का होईना. तुम्ही दिलेला तो जुना बारा-तेराचा पाना माझ्याबरोबर विमानातून इथे आला. जपानी गाडीला तेरा जवळपास लागत नाही. बाराची बाजू रोज लागते.

गेल्या महिन्यात शेजारच्या शेतावरची एक बाई तिची क्वाड घेऊन आली. चोकवर चालते म्हणाली. तुम्ही फोनवर ऐकता तसं मी कान लावून ऐकलं आणि तिला विचारलं, हिला काय कमी पडतंय? तिने बराच विचार केला. मी थांबले.

रविवारी पुढच्या डाव्या चाकाचं काम काढायचंय. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलंय, ग्रीस बाहेर आलंय, आत माती गेली असेल तर जॉइंट धुवून पाहावा लागेल. रॉकेल, ब्रश आणि तुमचं ते कडेचं ताट तयार ठेवते. तुमच्या सातला फोन करते. मामीला म्हणावं, कुकर त्याच वेळी लाव.

तुमची भाची